डोंगरावरून ढकलत नेलेला पूल

रत्नागिरी स्टेशन सोडून गाडी गोव्याच्या दिशेनं निघाली की निवसर येण्याआधी एक पूल लागतो. पानवल नदीवरचा. लांबी ४२४ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरनं धावणारी गाडी तो एकोणीस-वीस सेकंदांत पार करते. खिडकीशी बसलेल्याला नारळ-पोफळी एकदम पायाखाली गेल्यासारख्या दिसतात, कुणीतरी "अगो बाय!" म्हणतं, मोबाइल बाहेर निघेपर्यंत पूल संपलेला असतो आणि भेळवाला आपली बुट्टी घेऊन पुढच्या डब्यात पोचलेला असतो.

पुलाची उंची ६४ मीटर आहे. एवढ्या उंचीवरून खडा सोडला तर जमिनीला टेकायला त्याला ३.६ सेकंद लागतील. (प्रयोग करू नये, खाली माणसं राहतात.) बांधला गेला तेव्हा रेल्वेचा इतका उंच पूल देशात दुसरा नव्हता. बरं, खाली काही खाडी नाही की महानदी नाही. पावसाळ्यात दणदणणारी आणि उन्हाळ्यात खडकांतून वाट काढणारी कोकणातली एक नदी आहे, तेवढंच. अशा नदीवर रस्त्यानं जाणारी एसटी काय करते? वळणं घेत खाली उतरते, छोट्या पुलावरून पलीकडे जाते, पुन्हा वळणं घेत वर चढते. मग रेल्वेनंच एवढा थाट का मांडावा?

कारण रेल्वेला चढ सोसत नाही आणि वळणही सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घरंगळतं तेव्हा फार थोडा विरोध होतो, आणि म्हणूनच एक इंजिन हजार-दोन हजार टन ओढू शकतं. पण त्याच गुळगुळीतपणामुळे चाकाची रुळावरची पकडही कमी, पाऊस पडला की आणखी कमी. कोकण रेल्वे आखताना चढ ठरवला तो दीडशेस एक. दीडशे मीटर पुढे जाताना फार तर एक मीटर वर. या चढावर हजार टनांची गाडी इंजिनाला साधारण पावणेसात टनांच्या जोरानं मागे खेचते. बोरघाटात हाच चढ सदतिसास एक आहे. तिथे तीच गाडी सत्तावीस टनांनी मागे खेचते. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडतात ती त्यासाठीच. हिशेब इतका सरळ आहे.

वळणाचंही तेच. हा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगाचा विचार करून आखला गेला आणि वळणाची त्रिज्या कमीत कमी १,२५० मीटर ठेवली गेली. कशेडी घाटातलं एखादं वळण आठवा आणि सव्वा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ डोळ्यांपुढे आणा. असं वळण कोकणातल्या दरीत मावतच नाही. दरी पुरते रस्त्याला, रेल्वेला नाही. सह्याद्रीपासून समुद्राकडे डोंगराच्या सोंडा उतरतात, त्यांच्यामधून नद्या पश्चिमेला वाहतात, आणि रेल्वेला जायचंय उत्तरेकडून दक्षिणेला. म्हणजे प्रत्येक सोंड आडवी आणि प्रत्येक नदी आडवी. वर-खाली करायचं नाही, फार वळायचंही नाही, असं एकदा ठरलं की दोनच गोष्टी उरतात. सोंड आली की बोगदा, दरी आली की पूल. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरांत १७९ मोठे पूल, १,८१९ छोटे पूल आणि नव्वदच्या वर बोगदे आहेत. त्या सगळ्यांचं मूळ 'दीडशेस एक' आणि 'साडेबाराशे मीटर' या दोन आकड्यांत आहे. मला या रेल्वेतलं सर्वांत थक्क करणारं काही वाटत असेल तर ते हेच. कागदावर दोन मर्यादा लिहिल्या गेल्या आणि ६४ मीटर उंचीचा पूल पानवलला आपोआप उभा राहणं भाग पडलं.

आता कुणी म्हणेल, पूल कशाला, दरीत भराव टाकायचा. हिशेब करून बघू. वर रुळासाठी सात मीटर रुंदी हवी. मातीचा उतार नीट राहावा म्हणून एक मीटर उंचीला दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर पसरट ठेवायचा. ६४ मीटर उंचीला तळाशी भराव २६३ मीटर रुंद होतो. अशा भरावाच्या नुसत्या शंभर मीटर लांबीला साडेआठ लाख घनमीटरांहून जास्त माती लागेल. दहा घनमीटरचा डंपर धरला तर ८६ हजार खेपा. आणि एवढं करून तो भराव पहिल्या पावसात जागेवर राहीलच, याची हमी कोकणातला कुठलाच शहाणा माणूस देणार नाही.

कारण इथली जमीन. रत्नागिरीचा सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट पठार, वरून बघितला तर दगडाहून दगड. काळपट-तांबडा जांभा, त्याचेच चिरे काढून घरं बांधतात. पण जांभा म्हणजे झाकण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ सगळ्यात खाली. ऊन-पावसानं तो कुजत गेला, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि वरचा भाग कडक होऊन जांभा झाला. पण वरचा जांभा आणि खालचा कातळ यांच्या मध्ये एक अर्धवट कुजलेला थर राहून जातो. पांढरट, पिवळसर, कुठे गुलाबी, बोटानं खरवडता येईल असा चिकणमातीचा. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली उतरतं आणि या चिकण थरावर येऊन अडतं. सड्याच्या पायथ्याला झरे फुटतात ते इथूनच. वाडीला पाणी देणारा हा थर रेल्वेच्या अभियंत्याला मात्र घाम फोडतो. भिजला की तो निसटतो, आणि वरचा जांभ्याचा ठोकळा घेऊन निसटतो.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर तीन कोटी लिटर पाणी, आणि तेही बहुतेक चार महिन्यांत. याच मार्गावर पोमेंडीच्या कटिंगमध्ये हाच खेळ झाला. डोंगर कापून मार्ग काढला, पावसात कडा खाली आली, ती उपसली, पुन्हा आली. शेवटी उतार खूप मागे नेऊन पायऱ्या-पायऱ्यांनी कापावा लागला. शेजारच्या निवसरला दुखणं उलटं होतं. तिथे खालची माती इतकी मऊ की भराव खाली खचत राहायचा. पानवलचा ६४ मीटरचा पूल आणि निवसरचा खचणारा भराव एकमेकांपासून फार लांब नाहीत. लोक पुलाकडे बघतात. मी त्या मार्गावर काम केलेल्या कुणाला भेटलो की निवसरचंच विचारतो, कारण उंच पुलाची गणितं सापडतात. चिखलाची सापडायला वेळ लागतो.

डोंगर आडवा आला की बोगदा. रत्नागिरीच्या उत्तरेला उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा आहे. लांबी ६,५०६ मीटर. २०१३ मध्ये काश्मीरचा पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत भारतातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच. याच जिल्ह्यात नातूवाडीचा ४.३ किलोमीटरचा आहे, टिक्याचा चार किलोमीटरचा, बेर्डेवाडीचाही तेवढाच. कातळ फोडायला स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रं आणली होती. समोरच्या भिंतीत ठरावीक नक्षीत भोकं पाडायची, दारू ठासायची, मधली भोकं आधी आणि कडेची सेकंदाच्या काही भागांनी नंतर उडवायची, धूर निघून जाऊ द्यायचा, लोंबणारे दगड काढायचे, राडारोडा उपसायचा, छताला बोल्ट मारायचे, की पुन्हा भोकं. या फेऱ्यांनी बोगदा काही-काही मीटरांनी पुढे जातो.

पण फोडण्यापेक्षा नेम धरणं अवघड. समजा, साडेसहा किलोमीटरचा बोगदा दोन्ही तोंडांकडून खोदत निघालात. मधोमध भेटायचं आहे. प्रत्येक बाजूनं सव्वातीन किलोमीटर आंधळेपणानं जायचं. सुरुवातीच्या दिशेत एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट कोन चुकला तर सव्वातीन किलोमीटरवर ती चूक ९५ सेंटीमीटर होते. दोन्हीकडचे विरुद्ध दिशेनं तेवढेच चुकले तर जवळजवळ दोन मीटर. रूळ जुळणार कसे? म्हणून कोन सेकंदांत मोजायचा. एका सेकंदाची चूक दीड-पावणेदोन सेंटीमीटर होते, ती चालते. बोगद्याच्या आत आकाश नाही, तारे नाहीत, लांबची खूण नाही. बाहेर डोंगरावर त्रिकोणांची साखळी मांडून दोन्ही तोंडांची जागा पक्की करायची आणि ती दिशा आत न्यायची. त्यातही भिंतीजवळची हवा आणि मधली हवा यांच्या तापमानात फरक असतो, त्यानं प्रकाशाचा किरण किंचित वाकतो आणि दुर्बिणीतून दिसणारा बिंदू असतो तिथे दिसत नाही. उंचीचा प्रश्न आणखी गमतीचा. साडेसहा किलोमीटरच्या अंतरात पृथ्वी स्वतःच ३.३ मीटर वाकते! सरळ रेषेत बघून पातळी ठरवाल तर एका टोकाचा बोगदा दुसऱ्याच्या डोक्यावरून जाईल. सर्व्हेअर छोटे-छोटे टप्पे घेतो आणि पातळी मोजायची दुर्बीण, म्हणजे लेव्हल, प्रत्येक वेळी दोन मोजपट्ट्यांच्या, म्हणजे स्टाफांच्या, बरोबर मध्ये उभी करतो. मागची आणि पुढची चूक सारखी होऊन एकमेकींना खाऊन टाकतात. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात मुलांना उन्हात मैदानावर हे करायला लावतात तेव्हा "सर, मध्येच का उभं करायचं?" असं एखादा विचारतोच. करबुड्याच्या बोगद्याला विचारा.

आता पुन्हा पानवल. दरी ६४ मीटर खोल, वर ४२४ मीटर लांब तुळई ठेवायची आहे. तुळई काँक्रीटची, आतून पोकळ पेटीसारखी. एरवी पुलाची तुळई ओतताना खाली मचाण बांधतात. इथे मचाण बांधायचं तर वीस मजल्यांच्या उंचीचं लोखंडी जंगल दरीभर उभं करावं लागलं असतं, आणि जूनमध्ये नदीनं ते नेलं असतं. क्रेननं उचलायचं तर तेवढी क्रेन तिथे नेणार कुठल्या रस्त्यानं? म्हणून पूल दरीत बांधलाच नाही. तो डोंगरावर बांधला आणि दरीवर ढकलला.

इन्क्रिमेंटल लाँचिंग असं या पद्धतीचं नाव. फ्रिट्झ लेओनहार्ट आणि विली बाउर या जर्मन अभियंत्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेनेझुएलातल्या कारोनी नदीवरच्या पुलासाठी ती वापरली. भारतात ती पहिल्यांदा वापरली गेली ती पानवलला. दरीच्या एका काठावर, पुलाच्या रेषेतच मागे एक कारखाना मांडतात. तिथे साच्यात तुळईचा एक तुकडा ओततात. तो घट्ट झाला की हायड्रॉलिक जॅकनं त्याला पुढे सरकवतात, तेवढाच साचा रिकामा होतो. त्यात आधीच्या तुकड्याच्या पाठीला चिकटून दुसरा तुकडा ओततात. तो घट्ट झाला की दोघांना मिळून ढकलतात. मग तिसरा. साच्याची जागा हलत नाही, कामगार रोज त्याच जागी, त्याच छपराखाली काम करतात, आणि पूल मात्र त्यांच्यापुढून निघून दरीवर चाललेला असतो. आठवड्याला एक तुकडा, हा या पद्धतीचा जगभरचा ठेका.

टेबलाच्या कडेवरून लांब पट्टी हळूहळू बाहेर ढकला. अर्ध्याहून जास्त बाहेर गेली की ती पडते. पण मागे पुरेसं वजन असेल तर पडत नाही, नुसती वाकते. पुलाचंही भय पडण्याचं कमी आणि वाकण्याचं जास्त. पानवलचे बहुतेक गाळे ४० मीटरचे आहेत. तुळईचं टोक एका खांबावरून निघून पुढच्या खांबावर पोचेपर्यंत ते ४० मीटर हवेत अधांतरी लोंबतं. आता वर्गातलं गणित. मीटरमागे ठरावीक वजनाची तुळई एका टोकाला धरून दुसरं टोक मोकळं सोडलं तर धरलेल्या जागी वाकवणारा जोर, ज्याला बेंडिंग मोमेंट म्हणतात, तो वजन गुणिले लांबीचा वर्ग भागिले दोन. तीच तुळई खांबांवर सलग टेकलेली असेल तर तोच जोर वजन गुणिले लांबीचा वर्ग भागिले बारा. दोन आणि बारा. म्हणजे पूल तयार झाल्यावर गाळ्याला स्वतःच्या वजनापायी जे सोसायचंय, त्याच्या सहा पट त्याला जन्मतानाच सोसावं लागणार!

यावरचा तोडगा मोठा सुरेख आहे. तुळईच्या पुढच्या टोकाला पोलादाचं एक लांब, हलकं नाक जोडतात. काँक्रीट अजून बरंच मागे असतानाच नाक पुढच्या खांबावर जाऊन टेकतं आणि ओझं वाटून घेतं. लांबीचा वर्ग गणितात आहे, त्यामुळे अधांतरी लोंबणारं काँक्रीट निम्मं झालं की त्याचा वाकवणारा जोर चौथाईवर येतो. पूल पलीकडे पोचला की नाक काढून ठेवतात. ते पुलात राहत नाही, म्हणून गाडीतून जाणाऱ्या कुणाला ते कधी दिसत नाही.

दुसरी अडचण काँक्रीटच्या स्वभावाची. काँक्रीट दाबाला दमदार आणि ताणाला दुबळं. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा. तुळई खांबावर टेकते तिथे तिच्या वरच्या अंगाला ताण बसतो, दोन खांबांच्या मध्ये खालच्या अंगाला. एरवी ही ठिकाणं ठरलेली असतात, त्यामुळे सळ्या आणि केबल कुठे घालायच्या ते ठरवता येतं. पण इथे तुळई चालते आहे! तिचा प्रत्येक भाग आज खांबावर आहे, उद्या गाळ्याच्या मधोमध असेल, परवा पुन्हा खांबावर. ताण आज वर, उद्या खाली. म्हणून तुळईत वर आणि खाली दोन्हीकडे पोलादी केबल घालून त्या जॅकनं ताणतात. केबल आवळल्या जातात तेव्हा सगळं काँक्रीट सगळीकडून सारखं दाबलं जातं, आणि वाकताना ताण आला तरी तो आधीच्या दाबातून वजा होत जातो. मुक्कामाला पोचल्यावर आणखी केबल घालतात. त्या मात्र खांबावर वर आणि गाळ्यात खाली अशा, कारण आता पूल हलणार नसतो.

आणि घर्षण. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर गुळगुळीत स्टेनलेस स्टीलचा पत्रा असतो. त्यावरून तुळई सरकते ती टेफ्लॉन लावलेल्या पॅडांवरून, तव्याला असतं तेच टेफ्लॉन. एका खांबावर एक कामगार उभा असतो. तुळई पुढे सरकली की पॅड पुढच्या बाजूनं बाहेर येतं, तो ते उचलतो आणि मागच्या बाजूनं पुन्हा आत सरकवतो. दिवसभर हेच. टेफ्लॉनची बाजू खाली, स्टीलकडे. रबराची बाजू वर, काँक्रीटकडे. उलटं घातलं तर? बरोबर घातलेल्या पॅडांवर हजार टन सरकवायला चाळीस-पन्नास टनांचा जोर पुरतो. उलट्या पॅडावर तो कितीतरी पटींनी वाढतो, आणि वाढलेला जोर जातो खांबाच्या माथ्यावर. चाळीस टन आडवा जोर ६४ मीटर उंचीवर म्हणजे पायथ्याशी २,५६० टन-मीटरचा मोमेंट. उंच खांबाला वरचं ओझं सोसतं, आडवा धक्का सोसत नाही. त्यामुळे अशा पुलावर खांबाच्या माथ्यावरचा माणूस आणि जॅक चालवणारा माणूस सतत एकमेकांच्या संपर्कात असतात, आणि कुणीही "थांब" म्हटलं की काम थांबतं. पदवी त्याच्याकडे असो-नसो, त्या क्षणी पुलाचं गणित त्याच्या हातात असतं.

पूल जागेवर बसल्यावरही स्वस्थ नसतो. काँक्रीट तापलं की वाढतं. १५ अंशांच्या फरकानं ४२४ मीटर लांबीत साधारण सहा सेंटीमीटर. सलग तुळई असल्यामुळे ही सगळी वाढ टोकांकडे जाते. तिथे तिला जागा ठेवावी लागते आणि खांबांवरच्या बेअरिंगांना सरकायची मुभा द्यावी लागते.

हे सगळं घडलं ते फार थोड्या वर्षांत. कोकणात रेल्वे हवी हे स्वप्न जुनं. अ. ब. वालावलकरांसारख्या अभियंत्यानं तिचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. बोटीनं, नाहीतर एसटीनं हाडं खिळखिळी करत येणाऱ्या चाकरमान्यांच्या दोन-तीन पिढ्या वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये, कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं; ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घ्यायची होती. १९९६च्या अखेरीला खेड ते सावंतवाडी टप्पा झाला आणि रत्नागिरीला गाडी आली, २६ जानेवारी १९९८ला सगळा मार्ग जोडला गेला. या कामात ज्यांचे जीव गेले, त्या कामगारांचं श्रमशक्ती स्मारक रत्नागिरीतच आहे.

मार्ग झाला म्हणजे विज्ञानाचं काम संपलं, असं मात्र नाही. ते खरं सुरू झालं पहिल्या काही पावसाळ्यांनी शिकवल्यावर. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ कड्यावरून आलेल्या दगडमातीनं गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस मोठ्या दगडावर आदळली. त्यानंतर कटिंगांचे उतार मागे घेतले गेले, कड्यांना जाळ्या लागल्या, खडकात बोल्ट मारले गेले. पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं लागू होतं. धो-धो पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायचा हुकूम आहे. चिपळूण, रत्नागिरी अशा स्टेशनांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापकं आहेत, कारण किती पाऊस झाला यापेक्षा तो किती तासांत झाला हे त्या मधल्या चिकण थराला जास्त महत्त्वाचं. वाशिष्ठी, सावित्री आणि काळ या नद्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. आणि माणूस आहेच. रेनकोट घालून, विजेरी घेऊन रात्री रुळाच्या कडेनं चालत जाणारा गस्तीवाला. कड्यावरून नेहमीपेक्षा गढूळ पाणी येतंय का, एखादं झाड कालच्यापेक्षा जास्त कललंय का, हे तो बघतो. डोंगर निसटण्याआधी खुणा देतो. त्या वाचायच्या कशा, हे या लोकांइतकं क्वचितच कुणाला कळतं.

पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं ॲनिमोमीटर बसवलं आहे. कोकण रेल्वेवर असे चारच पूल आहेत. बाकीचे तीन मांडवी, झुआरी आणि शरावतीवरचे. वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, पुन्हा तोच वर्ग. ताशी १०० किलोमीटरचा वारा एका डब्याच्या अंगावर साधारण तीन टनांनी रेलतो. खाली दरीत झाडांची पानंही नीट हलत नसताना वर ६४ मीटरवर वारं भन्नाट असू शकतं, म्हणून तिथला आकडा तिथेच मोजायला हवा.

रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, फिनोलेक्सचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना बेंडिंग मोमेंटचा आलेख काढताना पेन्सिलीला टोक करण्यापलीकडे उत्साह नसतो, अशी तक्रार शिक्षक करतात. त्यांना एकदा पानवलच्या दरीत उतरवावं, असं मला फार वाटतं. नाकाशिवाय ढकललं असतं तर सहा पट, हे तिथे मान वर करून ऐकायचं, म्हणजे भागिले दोन आणि भागिले बारा यांतला फरक जन्मभर लक्षात राहील.

याच कोकण रेल्वे कॉर्पोरेशनकडे पुढे काश्मीरचं काम आलं. चिनाब नदीवरची कमान ४६७ मीटरची, रूळ नदीपासून ३५९ मीटर उंचीवर, पूल १,३१५ मीटर लांब. ६ जून २०२५ला त्याचं उद्घाटन झालं. तिथेही रूळ ज्यावर आहेत तो डेक काठावर जोडून दरीवर ढकलत नेला, फक्त काँक्रीटऐवजी पोलादाचा. पण एक फरक होता. या पद्धतीची मूळ अट अशी की पूल एकतर सरळ हवा, नाहीतर एकाच त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा हवा. तरच मागून येणारा भाग पुढच्या भागाच्या वाटेवर तंतोतंत बसतो. चिनाबच्या पुलाचा काही भाग वळणावर आहे, आणि सरळ रूळ वळणात शिरतो तिथे त्रिज्या पावलागणिक बदलते. तशा वाटेवरून पोलादाचा सांधलेला डेक पुढे सरकवायचा होता, आणि तो सरकवला गेला.